कावीळ आणि प्रौढांसाठी संयुक्त लस

पाणी गाळून व उकळून पिणाऱ्याच्या घरी कावीळ शिरत नाही, अशी आमची पुष्कळ वर्षांची समजूत होती. आमच्या पेढीवरील दिवाणजी जन्मभर तसेच पाणी पीत आले. तथापि हर्नियाच्या शस्त्रक्रियेपूर्वी रक्त तपासले असता त्यांस ‘हिपॅटायटिस बी’ असल्याचे उघडकीस आले. यकृत बरेच बिघडलेले होते. डोळे पिवळे झाल्याचे त्यांस कधी स्मरत नव्हते. तेव्हापासून आम्ही या विषयाची चौकशी आरंभिली.

‘ए’ विषाणू दूषित अन्नपाण्यातून येतो व बहुधा काही आठवड्यांत निघून जातो. प्रौढांस मात्र मुलांपेक्षा अधिक छळतो. ‘बी’ची वाट निराळी. तो रक्तातून, अशुद्ध सुईतून, शरीरसंबंधातून व प्रसूतिसमयी मातेकडून अपत्यास जातो, काहींच्या अंगी वर्षानुवर्षे गुपचूप राहतो आणि पुढे यकृताचा कर्करोगही घडवू शकतो. तेथे उकळलेले पाणी काय करणार!

आम्हां धान्यवाल्यांस तर दुहेरी काळजी. ओलसर वखारीत मका व भुईमुगावर धरणाऱ्या बुरशीतील अफ्लाटॉक्सिन हे विषही यकृतावरच उठते. १९७४ साली गुजरात व राजस्थानातील खेड्यांत असा मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. ‘बी’ अंगी असणाऱ्याच्या पोटात हे विष जात राहिले, तर कर्करोगाचे भय कित्येक पटींनी वाढते.

दोहोंवरील संयुक्त लस युरोपात १९९६ पासून मिळू लागली. प्रौढांस तिच्या तीन मात्रा: पहिली, महिन्याने दुसरी व पहिलीपासून सहा महिन्यांनी तिसरी. ही तिसरीच लोक विसरतात. संयुक्त लस न मिळाल्यास दोन लशी वेगवेगळ्या घेता येतात. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ साली ‘बी’ची स्वदेशी लस बाजारात आणल्यावर तिचा भाव पुष्कळ उतरला.

सरसकट सर्वांनी संयुक्त लसच घ्यावी, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. आमच्या पिढीतील बहुतेकांस ‘ए’ बालपणीच होऊन गेलेला असतो; रक्ततपासणीत आमचेही तसेच निघाले, म्हणून आम्ही केवळ ‘बी’ची लस घेतली. ‘बी’ अंगी असलेल्यास तिच्या लशीचा उपयोग नाही, त्यास औषधोपचारच हवा. दिवाणजींचा तो चालू आहे. त्यांच्या दोन्ही चिरंजीवांचे रक्त निर्दोष निघाले. त्यांच्या तिन्ही मात्रा आम्ही पेढीच्या खर्चाने पुऱ्या करविल्या.

‘सी’ व ‘ई’ या प्रकारांवर ही लस चालत नाही. दिल्लीत १९५५-५६ साली पसरलेली काविळीची प्रचंड साथ ‘ई’चीच होती, तेव्हा आमच्या घरी पाणी अजून उकळूनच घेतात.