घरी डबलरोटी भाजणारे यंत्र : हिशेब आणि हिकमत

आम्ही कापडाचे व्यापारी. रोटी-पावाच्या धंद्याविषयी लिहिण्याचा आमचा अधिकार काय, असे कोणी विचारील. पण जठारपेठेतील आमच्या गिऱ्हाइकांपैकी तीन-चार जणांनी गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न विचारला : विजेवर चालणारे घरगुती ब्रेड मशीन घ्यावे काय? त्यातील एक गृहस्थ शिंपीकाम करतात. तयार कपड्यांमुळे त्यांचे काम निम्म्यावर आले आहे. कर्ज काढून दोन यंत्रे घ्यावीत, घरच्या बायकांनी डबलरोटी भाजावी आणि मोहल्ल्यात विकावी, असा त्यांचा विचार. प्रश्न एका घराच्या मिळकतीचा होता. म्हणून आम्ही या विषयाची चौकशी केली, एका परिचिताकडील यंत्र काही दिवस वापरून पाहिले, आणि जे समजले ते येथे मांडत आहोत.

प्रथम हे यंत्र म्हणजे काय ते पाहू. बाहेरून ती एक झाकणाची पेटी असते. आत काढता-घालता येणारा एक डबा, डब्याच्या तळाशी फिरणारे पाते, आणि डब्याभोवती तापणारी तार. मैदा, पाणी, मीठ, साखर, तेल आणि खमीर, ज्याला बाजारात यीस्ट म्हणतात, हे डब्यात टाकून बटण दाबले की पाते पीठ मळते, मग थांबते. मंद ऊब देऊन पीठ फुगू दिले जाते. पुन्हा थोडे मळणे, पुन्हा फुगणे, आणि शेवटी त्याच डब्यात भाजणे. सगळ्याला सुमारे तीन ते साडेतीन तास लागतात. नानबाई परात, फडके, भट्टी आणि आपले दोन हात वापरून जे करतो, ते सारे एका डब्यात होते.

या यंत्राचा जन्म कसा झाला ही हकीकत आमच्या कारागीर वाचकांनी मुद्दाम वाचण्यासारखी आहे. जपानमधील ओसाका शहराची मात्सुशिता कंपनी, जिचा माल आपण पॅनासॉनिक या नावाने ओळखतो, १९८५ च्या सुमारास असे यंत्र करण्याच्या खटपटीत होती. यंत्र तयार झाले, पण पाव बिघडे. वरचा पापुद्रा करपायचा आणि आतला गाभा कच्चा राहायचा. इंजिनिअर मंडळींनी यंत्राने मळलेल्या आणि कसबी माणसाने मळलेल्या पिठाची क्ष-किरण छायाचित्रे काढून ती शेजारी शेजारी ठेवून तपासली, तरी फरक कशात आहे ते उमगेना. तेव्हा इकुको तानाका नावाच्या कंपनीतील एका महिलेने वेगळा मार्ग काढला. ओसाका इंटरनॅशनल हॉटेलचा पाव त्या शहरात नावाजलेला होता. तेथील मुख्य पावभट्टीवाल्याच्या हाताखाली त्या शागीर्द म्हणून राहिल्या. पाहता पाहता त्यांच्या ध्यानात आले की उस्ताद पीठ नुसते दाबत नाही, तो ते पीळ देऊन ताणतो. ही गोष्ट उस्तादाने कधी तोंडाने सांगितली नव्हती. कदाचित त्याला ती सांगताही आली नसती. मग सुमारे वर्षभर इंजिनिअरांबरोबर प्रयोग करून डब्याच्या आत खास कंगोरे बसवले गेले, पाते फिरले की पीठ त्यांना अडून ताणले जाऊ लागले, आणि १९८७ साली यंत्र बाजारात आले. पहिल्याच वर्षी त्याची विक्री भरपूर झाली.

आमच्या धंद्यात हे आम्ही जवळून पाहिले आहे. विणकर जे नक्षीकाम धागे उचलून हाताने करी, ते जॅकार्डच्या भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांत गेले. मालेगाव-इचलकरंजीचे माग आज जे काढतात ते कोणाच्या तरी बोटांत अगोदर होते. यंत्र कसब चोरते असे म्हणणारे आहेत. आम्हाला वाटते, यंत्र कसबाचा तेवढाच भाग उचलते जो ठरावीक आहे. जो भाग रोज बदलतो तो माणसाकडेच राहतो. ब्रेड मशीनच्या बाबतीत हा उरलेला भाग म्हणजे पीठ आणि हवा. यंत्रातील घड्याळाला वेळ कळते. आजचा मैदा किती पाणी पितो आणि बाहेर मे महिना आहे की डिसेंबर, हे त्याला कळत नाही.

पिठाचे पाहा. गव्हात एक चिवट द्रव्य असते, त्याला ग्लुटेन म्हणतात. मळल्यावर त्याची जाळी तयार होते. खमीर साखर खाऊन जो वायू सोडते तो या जाळीत अडकतो, आणि म्हणून पाव फुगतो. आपल्या वऱ्हाडातील ज्वारीत हे द्रव्य नाहीच. भाकरी तव्यावर फुगते ती आतल्या वाफेने, खमिराने नव्हे. तेव्हा ज्वारीचे पीठ या यंत्रात टाकून डबलरोटी होणार नाही. मैद्यात पाचवा हिस्सा ज्वारी मिसळली तर चालते, चवही बरी लागते. चक्कीच्या आट्यात ग्लुटेन असते, पण कोंड्याचे कण ती जाळी कापतात आणि पाणीही जास्त ओढतात. म्हणून निव्वळ आट्याचा पाव ठेंगणा आणि जड होतो. बहुतेकांची निराशा येथेच होते. परदेशी पुस्तकातील माप, तेथील कडक गव्हाचे पीठ आणि आपल्या चक्कीचा आटा यांचा मेळ बसत नाही, आणि दोष यंत्रावर जातो. निम्मा मैदा आणि निम्मा आटा हे प्रमाण आम्हाला सर्वांत बरे वाटले.

आम्ही ज्या मापावर स्थिरावलो ते असे : मैदा ५०० ग्रॅम, पाणी ३२० ग्रॅम, साखर १५, मीठ ८, तेल किंवा लोणी २० आणि सुके खमीर ५ ग्रॅम. निम्मा आटा घेतल्यास पाणी ३० ते ४० ग्रॅम वाढवावे. ही मापे वाटी-चमच्याने घेऊ नयेत. वाटीत मैदा दाबून भरला की सैल भरला यावर पन्नास-साठ ग्रॅमचा फरक सहज पडतो. कापड वितीने मोजून विकणाऱ्या दुकानदाराकडे आपण दुसऱ्यांदा जात नाही. काही शे रुपयांचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घ्यावा. यंत्रापेक्षा त्याचा उपयोग जास्त आहे, असे आम्ही गमतीने म्हणत नाही.

मळणे सुरू झाल्यावर दहाव्या मिनिटाला झाकण उघडून पाहावे. गोळा डब्याच्या कडा सोडून गुळगुळीत फिरत असेल तर ठीक. तळाला चिकटत असेल तर चमचाभर मैदा टाकावा, कोरडा तडकत असेल तर चमचाभर पाणी. फुगणे सुरू झाल्यानंतर मात्र झाकणाला हात लावू नये.

हवेचे तर अकोल्यात विचारूच नका. खमीर साधारण २७ ते ३२ अंशांत उत्तम काम करते आणि ५५-६० अंशांच्या पुढे मरते. येथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. नळाचे पाणीही गरम. त्यात पाते फिरल्याने पिठाची उष्णता आणखी वाढते. पीठ वेळेआधी फुगते आणि भाजण्याची वेळ येईपर्यंत मध्येच खचते. उपाय सोपा आहे : एप्रिल ते जून फ्रीजचे गार पाणी वापरावे आणि खमीर ५ ऐवजी ४ ग्रॅम घ्यावे. थंडीत याच्या उलट, कोमट पाणी. आमच्या परिचिताने उन्हाळ्यात दोन महिने यंत्र माळ्यावर टाकून दिले होते, ते केवळ एवढ्याच कारणाने.

बहुतेक यंत्रांत उशिरा सुरू करण्याचे घड्याळ असते. रात्री साहित्य भरून ठेवावे आणि सेहरीच्या वेळी ताजी डबलरोटी मिळावी, ही रमजानात मोठीच सोय. पण तेव्हा पाणी तळाशी, त्यावर मैदा, आणि मैद्यात खळगा करून अगदी वर खमीर, असा क्रम ठेवावा. मीठ कोपऱ्यात. खमीर आधीच भिजले तर रात्रीतच त्याचे काम संपते. दूध आणि अंडे घालून रात्रभर ठेवू नये, उन्हाळ्यात तर मुळीच नाही.

बाजारच्या ब्रेडमध्ये टिकण्यासाठी आणि मऊपणासाठी काही द्रव्ये घालतात. त्यांतील पोटॅशियम ब्रोमेटवर २०१६ साली आपल्या देशात बंदी आली. मऊपणासाठी वापरली जाणारी काही द्रव्ये वनस्पतीच्या तेलापासून होतात तशी प्राण्याच्या चरबीपासूनही होऊ शकतात. त्यासाठी वेष्टनावरील हिरवी खूण आणि घटकांची यादी पाहावी. घरच्या पावात हा प्रश्नच येत नाही, काय पडले ते आपल्याला माहीत असते. मात्र तो टिकतही नाही. पावसाळ्यात तिसऱ्या दिवशी बुरशी धरतो.

आता हिशेब. भाव बदलत असतात, वाचकांनी आपापल्या दुकानातील आकडे घालावेत. मैदा ४४ रुपये किलो धरल्यास २२ रुपये, खमीर ४, तेल-साखर-मीठ ५. वीज एका पावाला साधारण ०.४ युनिट, दहा रुपये दराने ४. एकूण ३५ रुपये. पाव भरतो सुमारे ७७० ग्रॅम. बाजारात ४०० ग्रॅमचा ब्रेड ४५ रुपयांना मिळतो असे धरले तर तेवढ्याच वजनाला ८७ रुपये पडतात. म्हणजे एका पावामागे ५२ रुपये वाचले. यंत्र १२ हजारांना घेतले तर सुमारे २३० पावांनंतर ते फिटेल. आठवड्याला दोन पाव खाणाऱ्या घराला सव्वादोन वर्षे लागतील. मोठ्या कुटुंबाला हा सौदा बरा आहे. ज्या घरात महिन्यातून एकदा ब्रेड येतो त्यांनी बेकरीचाच घ्यावा.

धंद्याचे गणित निराळे. एक यंत्र दिवसात फार तर चार पाव काढील, दोन यंत्रे आठ. ८० रुपयांना एक विकला तर आठांचे ६४०, खर्च २८०, उरले ३६०. पण दोन पाव विकले गेले नाहीत तर? हाती ४८० येतात, खर्च तोच २८०, उरतात २००. यातूनच पिशव्या, पोहोचवण्याचा खर्च, बायकांची दिवसभराची मेहनत आणि कर्जाचा हप्ता. शिवाय यंत्र घरगुती वापराचे असते. रोज बारा तास चालवल्यास मोटार लवकर जाते आणि धंद्यासाठी वापरले म्हणून हमीही नाकारली जाऊ शकते. विक्री करायची तर अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी हवी, ते वेगळेच.

म्हणून शिंपी गृहस्थांना आम्ही सांगितले : कर्ज काढू नका. आधी परातीत हाताने मळा, पंधरा मिनिटांचे काम आहे. साध्या विजेच्या ओव्हनमध्ये एका वेळी आठ-दहा लादी पाव किंवा चार शीरमाल निघतात, आणि शीरमालला डबलरोटीपेक्षा दाम जास्त मिळतो. रमजानात मोहल्ल्यातून मागणी किती येते ते पाहा. मागणी टिकली तर यंत्र घ्या, पण ते मळण्या-फुगवण्यापुरते वापरा. बहुतेक यंत्रांत तेवढीच सोय वेगळी असते, दीड तासात पीठ तयार होते आणि भाजणे ओव्हनमध्ये. त्याहून पुढे जायचे तर मोठे मळणी यंत्र आणि गॅसची किंवा विजेची भट्टी. लाकडाच्या भट्टीत आता नवे पैसे घालण्यात अर्थ दिसत नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तेथील लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर नेण्यास सांगितले, आणि मुंबईच्या अनेक जुन्या बेकऱ्या खर्चाच्या विवंचनेत पडल्या. असे नियम आज ना उद्या आपल्याकडेही येतील.

घरासाठी यंत्र घ्यायचे ठरलेच तर डबा जड आणि जाड पत्र्याचा पाहून घ्यावा, हलक्या डब्यात तळ करपतो. पाव झाल्याबरोबर तो डब्यातून काढून जाळीवर ठेवावा, नाहीतर वाफेने कडा ओल्या होतात, आणि तासभर सुरी लावू नये. वीज गेली तर काही यंत्रे पाच-दहा मिनिटे आपली जागा लक्षात ठेवतात, काही ठेवत नाहीत, ते दुकानदाराकडून चालवून पाहावे. सर्वांत आधी झिजते ते फिरणारे पाते आणि त्याखालचे रबर. ते सुटे मिळतात का, अकोल्यात नसतील तर नागपूरहून किती दिवसांत येतील, हे विचारून आणि हमीपत्रावर तारखेसह शिक्का घेऊन मगच पैसे मोजावेत.