लायसन्सआधी मोटारसायकल घेतली, तर विम्याचं काय?



एरवी या पत्रिकेत बियाणं, खत, फवारणी, नाहीतर जनावरांच्या चाऱ्याचा विषय असतो. या वेळी गोठ्याशेजारी उभ्या राहणाऱ्या दुचाकीबद्दल लिहितो आहे, आणि त्याला कारण आहे. उसाचं बिल जमा झालं किंवा सोयाबीनचे पैसे हाती आले, की दसऱ्या-पाडव्याला गाडी दारात येते. हार घालून, नारळ फोडून पूजा होते. लायसन्स मात्र 'पुढं बघू' म्हणून मागं राहतं. विचारावं तर उत्तर ठरलेलं: "साहेब, इन्शुरन्स फुल काढलाय की!" विम्याचा कागद खिशात आहे म्हणजे सगळं झालं, हा समज गावोगाव पक्का आहे. हा समज कुठं खरा, कुठं खोटा, आणि गाडी घेतली पण परीक्षा व्हायची आहे अशा माणसानं काय करावं, ते आज पाहू.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. गाडीचा मालक व्हायला लायसन्स लागत नाही. लायसन्स लागतं ते गाडी चालवायला. विमा उतरवला जातो तो गाडीचा. म्हणून लायसन्स नसलेल्या माणसाच्या नावावर पॉलिसी निघते, आणि त्यात काही गैर नाही. उलट १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणताच येत नाही. आणली तर पहिल्या वेळी दोन हजार, पुन्हा सापडल्यास चार हजार रुपये दंड, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. तेव्हा शोरूमवाल्यानं लायसन्स न बघता पॉलिसी दिली म्हणजे फसवलं, असं नव्हे. पण पॉलिसी मिळणं निराळं आणि वेळेला ती उपयोगी पडणं निराळं.

एका पॉलिसीत तीन विमे

'फुल इन्शुरन्स' म्हणून जो कागद मिळतो, त्यात खरं तर तीन वेगळे विमे एकत्र बांधलेले असतात.

पहिला थर्ड पार्टी, म्हणजे त्रयस्थाचा विमा. आपल्या गाडीनं दुसऱ्या कुणाला इजा झाली किंवा कुणी दगावलं, तर त्याची भरपाई यातून होते. कायद्यानं सक्तीचा आहे तो एवढाच. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला हा विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. १ जून २०२२ पासून ठरवून दिलेल्या दराप्रमाणे ७५ ते १५० सीसीच्या गाडीला पाच वर्षांचे ३,८५१ रुपये होतात, १५० ते ३५० सीसीच्या गाडीला ७,३६५ रुपये. कर त्याहून वेगळा.

दुसरा आपल्या गाडीच्या नुकसानीचा व चोरीचा. हा सक्तीचा नाही. बहुधा एकाच वर्षाचा असतो, आणि इथंच पुष्कळ जण चुकतात. कागदावर 'पाच वर्षे' वाचलं की सगळंच पाच वर्षांचं आहे असं धरून बसतात. दुसऱ्या वर्षी गाडी चोरीला जाते तेव्हा कळतं, की हा भाग केव्हाच संपला होता.

तिसरा गाडीच्या मालकाचा स्वतःचा अपघात विमा. रक्कम १५ लाख रुपये. मालक गाडी चालवताना दगावला तर हे पैसे घरच्यांना मिळतात, आणि कायमचं अपंगत्व आलं तर त्याला स्वतःला. याची अट मात्र नीट वाचा: मालकाकडे त्या जातीच्या गाडीचं चालू लायसन्स असलं पाहिजे.

लायसन्स नसताना अपघात झाला तर

समजा, एका शेतकऱ्यानं नवी गाडी घेतली. पॉलिसी पूर्ण, हप्ते भरलेले, लायसन्स नाही, कच्चंही नाही. बाजाराच्या दिवशी वळणावर गाडी पायी जाणाऱ्या माणसाला धडकली. तो दगावला. शेतकऱ्याचा पाय मोडला, गाडीचा पुढचा भाग गेला.

गाडीच्या नुकसानीचा दावा लावला की कंपनी सगळ्यात आधी चालवणाऱ्याचं लायसन्स मागते. ते नसलं की दावा फेटाळला जातो. गाडी बँकेच्या कर्जावर असेल तर कर्जाचे हप्ते चालूच राहतात. पायाच्या दुखण्याला अपघात विम्यातून काही मिळत नाही. तो स्वतः दगावला असता तर १५ लाखांचा दावाही लायसन्सच्या अटीवरच अडला असता.

आता मेलेल्या माणसाच्या घरच्यांचं. ते मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडं जातील. इथं कायदा त्यांच्या बाजूनं आहे, आणि तो तसाच असावा. ज्याचा काही दोष नाही त्याच्या बायकापोरांना, गाडीवाल्याकडं लायसन्स नव्हतं म्हणून उपाशी कसं ठेवायचं? सुप्रीम कोर्टानं २००४ साली स्वरण सिंग यांच्या खटल्यात हे सविस्तर सांगितलं आहे. अशा वेळी विमा कंपनीला आधी त्या कुटुंबाचे पैसे द्यायला लावतात, आणि मालकानं अट मोडली हे कंपनीनं सिद्ध केलं की ती रक्कम मालकाकडून वसूल करायची मुभा देतात. मालक स्वतःच लायसन्सविना चालवत होता, तर सिद्ध करायला राहिलं काय?

ही वसुली कशी होते ते शेतकऱ्यानं खास ध्यानात घ्यावं. न्यायाधिकरण कलेक्टरकडं दाखला पाठवतं, आणि कलेक्टर ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करतात. म्हणजे प्रकरण तलाठ्याच्या दप्तरापर्यंत, आपल्या सातबाऱ्यापर्यंत येऊन पोचतं. निवाडा आठ लाखांचा झाला असं धरा. दोन एकर कोरडवाहूचं काय होईल, त्याचा हिशेब ज्याचा त्यानं करावा. लायसन्सला लागणारा खर्च याच्यापुढं चहापाण्याचा आहे.

पोलीस केस आणि दंड वेगळाच. लायसन्सविना चालवल्याबद्दल पाच हजार रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. गाडी दुसऱ्याची असेल तर ती चालवायला देणाऱ्या मालकालाही तेवढीच शिक्षा आहे.

चोरीचं मात्र निराळं. दारातून गाडी चोरीला गेली, तेव्हा ती कुणी आपला माणूस चालवत नव्हता, म्हणून लायसन्सचा प्रश्न तिथं येत नाही. तिथं बघतात ते ताबडतोब पोलिसांत फिर्याद दिली का, कंपनीला लगेच कळवलं का, आणि दोन्ही किल्ल्या जागेवर आहेत का. किल्ली गाडीलाच लावून ठेवायची सवय असेल तर आजपासून सोडा.

कच्चं लायसन्स फार मोलाचं

ज्याला आपण लर्निंग किंवा कच्चं लायसन्स म्हणतो, ते पुष्कळांना बिनकामाचा कागद वाटतं. तसं नाही. वर सांगितलेल्या २००४ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं म्हटलं आहे, की शिकाऊ लायसन्स हेही लायसन्सच आहे आणि अशा माणसाच्या हातून अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी विमा कंपनीची. पॉलिसीतही शिकाऊ लायसन्सवाल्याला गाडी चालवायची मुभा लिहिलेली असते. फक्त त्यानं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला तिसरा नियम पाळला पाहिजे, असं तिथं म्हटलेलं असतं.

हा तिसरा नियम म्हणजे काय? गाडीच्या पुढं आणि मागं पांढऱ्या पाटीवर तांबड्या रंगात इंग्रजी 'एल' अक्षर हवं. सोबत त्या गाडीचं पक्कं लायसन्स असलेला शिकवणारा माणूस हवा. आणि मोटारसायकलवर त्या शिकवणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणाला बसवायचं नाही. कच्च्या लायसन्सवर बायकोला माहेरी सोडायला जाणं यात बसत नाही. बाईंकडेच पक्कं लायसन्स असेल आणि त्याच शिकवत असतील, तर गोष्ट वेगळी! एकटं चालवणं किंवा पाटी न लावणं म्हणजे आपल्या गाडीच्या दाव्यात कंपनीच्या हाती कारण देणं आहे.

कच्चं लायसन्स सहा महिने चालतं. मिळाल्यावर निदान तीस दिवस गेले की पक्क्या परीक्षेला बसता येतं. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा बसता येतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आमच्याकडं येणारे पुष्कळ जण मात्र तीस दिवसांनंतर परीक्षा विसरतात. सहा महिने उलटून जातात आणि खिशात मुदत संपलेला कागद घेऊन फिरणं चालू राहतं. मुदत संपलेलं कच्चं लायसन्स म्हणजे लायसन्स नाहीच, हे समजून चाला.

अर्ज आता ऑनलाइन होतो. आधारशी मोबाइल नंबर जोडलेला असेल तर कच्च्याची परीक्षाही घरबसल्या देता येते. त्यात वाहतुकीच्या खुणा आणि नियम विचारतात. मुलाला उत्तरं द्यायला बसवू नका, स्वतः शिका, कारण रस्त्यावर मुलगा पुढं बसणार नाही. पक्क्या परीक्षेला आरटीओत जावं लागतं. काही तालुक्यांच्या गावी आरटीओचा कॅम्प भरतो, त्याची तारीख विचारून ठेवा. गिअरची गाडी असेल तर अर्जात गिअरची मोटारसायकल असंच भरा. बिनगिअरचं लायसन्स गिअरच्या गाडीला चालत नाही.

शेतात शिकलं तर?

हा प्रश्न हमखास येतो. लायसन्सचा कायदा सार्वजनिक जागेसाठी आहे. आपल्या मोकळ्या रानात, जिथं लोकांची ये-जा नाही, तिथं क्लच-ब्रेकचा सराव करायला हरकत नाही. पण पाणंद, गावठाणातली गल्ली, देवळापुढचं पटांगण इथं लोकांना यायचा-जायचा हक्क असतो. ती सार्वजनिक जागाच. आणि रानात गाडी बांधावरून पडून मोडली, तरी लायसन्सविना तिची भरपाई मिळेल अशी आशा ठेवू नका. पॉलिसीतली चालवणाऱ्याची अट शेतातही लागू असते.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी एक शब्द. "मी वीस वर्षं ट्रॅक्टर चालवतोय, लायसन्स आहे माझ्याकडं," असं म्हणून मोटारसायकल काढणारे पुष्कळ आहेत. मोटारसायकलचा वर्ग वेगळा असतो. लायसन्सवर तो वर्ग चढवून घ्यावा लागतो.

दहावी-बारावीतल्या पोरांबद्दल थोडं कडक बोलतो. अठरा वर्षांखाली गिअरची गाडी कुणालाच चालवता येत नाही. सोळा वर्षांनंतर सवलत आहे ती फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअर गाडीला, आणि आज बहुतेक मोपेडी त्याहून मोठ्या आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. कॉलेज लांब आहे, एसटी वेळेवर नाही, हे सगळं खरं. तरी गाडी त्याच्या हाती देऊ नये.

गाडी घेऊन झाली असेल तर

घ्यायची असेल त्यांनी कच्चं लायसन्स आधी काढावं आणि मग मुहूर्त बघावा. दसऱ्याला गाडी घ्यायची तर पोळ्याच्या सुमाराला कच्चं काढलं, की गाडी येईपर्यंत परीक्षेला बसायला लागणारे तीस दिवस बहुधा भरतात.

ज्यांची गाडी दारात उभी आहे, त्यांनी विमा बंद करू नये. लायसन्स हाती येईपर्यंत पक्कं लायसन्स असलेल्या भावानं, भाच्यानं गाडी चालवली तर थर्ड पार्टी आणि गाडीच्या नुकसानीचा विमा लागू राहतो. १५ लाखांचा अपघात विमा मात्र मालकाचाच आहे, भाच्याला तो मिळत नाही. भाच्याचं लायसन्स डोळ्यांनी पाहा, नुसत्या 'आहे' म्हणण्यावर जाऊ नका. आणि पॉलिसी नुसती थर्ड पार्टीची असेल तर मागं बसलेला माणूस त्यात धरलेला नसतो, हेही माहीत असू द्या. पूर्ण पॅकेज पॉलिसीत तो धरलेला असतो.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी नुसत्या सह्या केलेल्या फॉर्मवर वर्षभर फिरू नये. आरसी बुक नावावर करून घ्यावं आणि विमा कंपनीला चौदा दिवसांच्या आत कळवावं. थर्ड पार्टीचा भाग गाडीबरोबर नव्या मालकाकडं येतो, पण गाडीच्या नुकसानीचा आणि चोरीचा भाग कंपनीनं नावावर केल्याशिवाय येत नाही.

आज संध्याकाळी पॉलिसीचा कागद काढून तीन गोष्टी बघा: थर्ड पार्टी कधी संपते, गाडीच्या नुकसानीचा विमा कधी संपतो, आणि अपघात विम्यात वारस म्हणून कुणाचं नाव आहे. तारखा मोबाइलमध्ये किंवा भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिपून ठेवा. वारसाची जागा मोकळी असेल तर कंपनीच्या कार्यालयात अर्ज देऊन नाव भरून घ्या.