कोल्हापुरी बनावटीचा कॅमेरा

आनंदराव आणि बाबूराव हे कोल्हापूरच्या मेस्त्री घराण्यातले भाऊ. सुतारकाम, लोहारकाम, मूर्तिकाम या घरात पिढीजात. गावाने मात्र त्यांना पेंटर म्हणूनच ओळखलं, कारण नाटक कंपन्यांचे पडदे रंगवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि रंगवलेल्या पडद्यावरून या भावांचं लक्ष हलत्या पडद्याकडे गेलं.

फाळके १९१२ मध्ये लंडनला गेले होते आणि तिथून विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले होते. पेंटर बंधूंनी दुसरी वाट धरली. यंत्र इथेच करायचं, कोल्हापुरात, आपल्या हातांनी.

हे किती अवघड होतं ते कॅमेऱ्याचं पोट उघडल्याशिवाय कळत नाही. ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मच्या दोन्ही कडांना भोकं असतात, एका चित्रामागे प्रत्येक कडेला चार. एक छोटा आकडा त्या भोकांत अडकतो, फिल्म बरोबर एका चित्राएवढी खाली ओढतो आणि बाहेर निघतो. फिल्म क्षणभर निश्चल राहते, तेवढ्यात शटर उघडून चित्र उमटतं. फिल्म सरकत असताना मात्र शटर बंदच हवं. हा खेळ सेकंदाला साधारण १६ वेळा, तोही हाताने दांडा फिरवून. फ्रान्समध्ये लुई ल्युमिएर यांना यासाठी शिलाई मशीनची चाल उपयोगी पडली होती, कारण तिथेही कापड टाक्याटाक्याने थांबत पुढे जातं. एक फूट फिल्मवर १६ चित्रं, म्हणजे हजार फुटांवर १६,०००. आकडा केसभर जरी चुकला तरी पडद्यावर अख्खा राजवाडा थरथरायला लागतो. आरेखन, कातकाम, घासकाम, सगळं त्या केसासाठी.

१९१६ मध्ये आनंदराव गेले. कॅमेरा अर्धवट होता. कोणीही हात टेकले असते असा तो प्रसंग. बाबूरावांनी काम सोडलं नाही, आणि त्यांच्या जोडीला होते विष्णुपंत दामले, यंत्राचं विलक्षण अंग असलेला माणूस. १९१८ मध्ये कॅमेरा पुरा झाला. सिनेमाचा कॅमेरा देशात, तोही मुंबई-कलकत्त्यापासून दूर एका संस्थानात घडतो, या घटनेचं मोल आपण अजून पुरतं ओळखलेलं नाही.

यंत्र झालं, पण चित्रपटाला भांडवल लागतं. ते दिलं गायिका तानीबाई कागलकर यांनी. शाहू महाराजांचाही आधार मिळाला. असा उभा राहिला महाराष्ट्र फिल्म कंपनीचा संसार. तिचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट १९२० मध्ये पुण्यात लागला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की प्रेक्षक हादरून गेले, आणि लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटल्याचं आजही अभिमानाने सांगितलं जातं. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये दिव्यांच्या प्रकाशात चित्रण झालं. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये पुराणातले देव बाजूला राहिले आणि कर्जात बुडालेला शेतकरी आला, तो उभा केला तरुण शांतारामांनी.

शांताराम, दामले, फत्तेलाल ही सगळी बाबूरावांच्या हाताखाली घडलेली माणसं. १९२९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह कोल्हापुरातच ‘प्रभात’ ही चित्रपट कंपनी काढली. कॅमेऱ्याच्या जडणघडणीत राबलेले दामले बोलपट आल्यावर ध्वनिमुद्रणात शिरले, आणि १९३६ मध्ये फत्तेलाल यांच्यासोबत त्यांनी ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. यंत्राची समज असलेला माणूस भक्तीचा चित्रपट इतका साधा आणि नितळ करतो, यात नवल वाटू नये. दोन्हीकडे अनावश्यक ते काढूनच टाकावं लागतं.

महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या मूकपटांपैकी आज फार थोडं उरलंय. नायट्रेटची फिल्म चटकन पेट घेते, न जळली तरी वर्षांनी चिकट होऊन सडते. कोल्हापुरात खरी कॉर्नरला मात्र बाबूरावांच्या कॅमेऱ्याचं स्मारक आहे. दर १ डिसेंबरला चित्रपटसृष्टीतली मंडळी तिथे जमून कॅमेऱ्याला मानवंदना देतात. यंत्राला हार घालणारं गाव म्हणून कोल्हापूरचं कौतुक वाटतंच.

पण हार घालून यंत्र कळत नाही, ते पुन्हा घडवूनच कळतं. जुन्या कॅमेऱ्यांचं वेड आज जगभर आहे. पोलरॉइडने २००८ मध्ये झटपट फोटोची फिल्म बंद करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा हळहळणारे पुष्कळ होते. नेदरलँड्समधल्या एन्स्खेडेच्या कारखान्यातल्या मूठभर जुन्या कामगारांनी मात्र तिथली यंत्रं भंगारात जाऊ दिली नाहीत. लागणारी कित्येक रसायनं आता मिळत नव्हती, म्हणून फिल्मची घडण जवळपास नव्याने करावी लागली. २०१० मध्ये त्यांची फिल्म बाजारात आली. सुरुवातीचे फोटो फिकट आणि लहरी निघायचे, तरी लोकांनी ती विकत घेतली.

हेच कोल्हापुरात करता येईल. उद्यमनगरात लेथ आणि फौंड्री आहेत. कळंबा रस्त्यावर शासकीय आयटीआय आहे, तिथे टर्नर, फिटर, मशिनिस्टचं शिक्षण मिळतं. त्या पोरांच्या हाती त्या काळच्या कॅमेऱ्याच्या रचनेची आरेखनं द्यावीत आणि चालता कॅमेरा करायला सांगावा: लाकडी पेटी, पितळी गिअर, फिल्म ओढणारा आकडा, हाताचा दांडा. काचेआड ठेवायला नव्हे. ३५ मिलिमीटरची फिल्म भरून कळंबा तलावाच्या बांधावर न्यायचा आणि सेकंदाला दोन फेरे या गतीने दांडा फिरवायचा. पहिली रिळं बहुधा थरथरतील. मग आकडा पुन्हा घासायला घ्यायचा.