ताशावाल्याच्या कानातले रातकिडे

शाळा सुरू झाल्या आणि मृगाचा पाऊस दोनदा पडून गेला, की संध्याकाळी सातच्या सुमारास बाजारपेठेमागच्या पत्र्याच्या शेडमधून ढोलाचा आवाज यायला लागतो. माझा दवाखाना तिथून हाकेच्या अंतरावर आहे. सुरुवातीचे दोन आठवडे तो ताल म्हणवत नाही. कुणी पुढे, कुणी मागे, मधेच एखाद्याचे टिपरू हातातून उडालेले. स्टेथोस्कोप कानाला लावला, तरी रोग्याच्या छातीतल्या ठोक्यांऐवजी बाहेरचेच ठोके ऐकू येतात. पण श्रावण संपता संपता तोच गोंगाट एका हाताने वाजवल्यासारखा होतो. हा बदल मी गेली कित्येक वर्षे खिडकीतून ऐकत आलो. २०२४ साली तो जवळून पाहिला. त्यात माझी एक चूकही झाली, म्हणून आजचा लेख.

त्या वर्षीच्या जूनमध्ये या पथकाचे प्रमुख माझ्याकडे आले. हायस्कुलात पी.टी. शिकवतात, गावात सगळे त्यांना सरच म्हणतात. पथक नवे. एकूण ४६ जण, त्यांत १७ मुली, वये सोळा ते बावीस. तीस ढोल, सहा ताशे, एक टोल, बाकी झांजा आणि ध्वज. गणपतीच्या मिरवणुकीआधी जिल्ह्यात तीन स्पर्धांना उतरायचे ठरले होते. "डॉक्टरसाहेब, एकदा सगळ्यांना तपासून द्या," सर म्हणाले. मी एका रविवारी सर्वांना तपासले. रक्तदाब, छाती, नाडी, वजन, हातापायांचे सांधे. दोन मुलींचे हिमोग्लोबिन कमी निघाले, त्यांना लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. एका मुलाला दमा होता, त्याला पंप जवळ ठेवायला सांगितले. आणि ४६ जणांच्या कागदांवर 'प्रकृती ठीक' असे लिहून सही केली.

एकाच्याही कानात डोकावून पाहिले नाही. पुढे जे झाले ते इथून झाले.

पहिल्या महिन्यात तक्रारी आल्या त्या अपेक्षित होत्या. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात फोड, खांदा धरणे, कंबर दुखणे. एक भिजलेला ढोल मी दवाखान्यातल्या काट्यावर ठेवून पाहिला, साडेसात किलो भरला. एवढे ओझे कमरेला पुढच्या बाजूला बांधून दोन तास उभे राहायचे, तर पाठीचा कणा मागे झुकतो आणि कमरेचे स्नायू आखडतात. दोरी पोटावर न बांधता कमरेच्या हाडांवर घट्ट बसवली, की निम्मे दुखणे जाते. नवीन मुले खांद्यातून मारतात. जुना वादक मनगटातून मारतो, त्यामुळे तो दमत नाही आणि त्याचा ठोका जास्त खणखणीत येतो. एकच 'हात' दहा मिनिटे वाजवून झाल्यावर मी काहींची नाडी मोजत असे. जूनअखेर मिनिटाला १६० च्या घरात असलेली नाडी ऑगस्टच्या मध्यास त्याच वादनानंतर १३० पर्यंत आली होती. सहा आठवड्यांच्या नेमाच्या सरावाने हृदय काय शिकते ते पाहायला यंत्र लागत नाही, मनगटावर तीन बोटे पुरतात.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी लिहिली पाहिजे. त्या सरावाला येण्याआधी दुपारपासून पाणीच पीत नसत, कारण शेडजवळ मुतारी होती ती फक्त पुरुषांसाठी. तीन मुली लघवीच्या जळजळीने माझ्याकडे आल्या तेव्हा हे कळले. औषध दिलेच, पण खरा उपाय सरांनी केला. शेजारच्या एका घरातल्या वहिनींनी आपले स्वच्छतागृह मुलींसाठी उघडे ठेवले. त्यानंतर जळजळीची तक्रार घेऊन एकही मुलगी आली नाही. ज्या मंडळांनी पथके बोलावली आहेत त्यांनी मिरवणुकीच्या मार्गावर ही सोय आधी पाहावी आणि हारतुरे नंतर.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात एक ढोलवाला मुलगा सकाळीच घाबरून आला. लघवी कोऱ्या चहासारखी झाली होती. आदल्या रात्री त्याने सलग तीन तास वाजवले होते. पट्टीने तपासले तर रक्त दाखवते, पण सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी दिसेनात. ढोलाला उजव्या हाताने टिपरू आणि डाव्या तळव्याने थाप मारतात. तळवा पानावर हजारो वेळा आपटला, की त्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांमधल्या लाल पेशी चिरडतात आणि त्यांचा रंग लघवीत उतरतो. लांबची दौड करणाऱ्या सैनिकांना तळपायामुळे हेच होते. १८८१ मध्ये एका जर्मन डॉक्टरांनी ते प्रथम नोंदवले. हाताने वाजवायच्या चर्मवाद्यांच्या वादकांमध्येही ते आढळल्याचे पुढे प्रसिद्ध झाले. मी ते पुस्तकात वाचले होते, डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिले. दोन दिवस विश्रांती आणि भरपूर पाणी, एवढ्यावर तो बरा झाला. मात्र लाल किंवा काळपट लघवी म्हणजे ढोलच, असे कुणी घरी ठरवू नये. खडा, जंतुसंसर्ग, स्नायूंना झालेली गंभीर इजा यांतही असे होते, म्हणून तपासणी त्याच दिवशी व्हावी.

जुलैअखेरच्या रविवारी पहिली स्पर्धा झाली. अकरा पथकांत आमचे नववे आले. परीक्षकांचा शेरा सरांनी मला दाखवला : लय धावते, ताशा आणि ढोल यांचा मेळ नाही. मीही त्या दिवशी घड्याळ लावून मोजले होते. वादन सुरू झाले तेव्हा मिनिटाला ८८ ठोके पडत होते, सहाव्या मिनिटाला १०८ झाले. घाबरलेल्या माणसाची नाडी वाढते तशी पथकाची वाढली होती.

मंगळवारी त्या पथकातला पहिला ताशावाला आईबरोबर आला. वय १९, अंगाने काटक, सैन्यभरतीची तयारी करणारा. ताशाची काडी त्याच्या हातात आली की सबंध पथक त्याच्या मागे जायचे. आई म्हणाली, "हाक मारली तरी ओ देत न्हाई बघा. टीव्ही तर एवढा मोठा लावतोय, शेजारी बोंब मारत्यात. लसणाचं तेल कोमट करून घातलं, तरी फरक न्हाई." मुलगा खाली बघत म्हणाला, "काका, रविवारपास्नं कानात रातकिडे बसल्यागत वाटतंय."

कानातला मळ, पडदा, सगळे ठीक होते. जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवून श्रवणचाचणी करवली. आलेखावर दोन्ही कानांची रेषा बाकी सगळीकडे सरळ आणि ४००० हर्ट्झपाशी खड्ड्यासारखी खाली गेलेली. डाव्या कानाचा खड्डा जास्त खोल. मोठ्या आवाजाने झालेली इजा अशीच दिसते. पहिल्या स्पर्धेआधीच्या आठवड्यात या मुलाने पत्र्याच्या शेडमध्ये रोज चार-चार तास ताशा वाजवला होता, आणि जूनमध्ये त्याला 'प्रकृती ठीक' असे लिहून देणारा मीच होतो.

कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखा एक भाग असतो. त्यात प्रत्येक कानाला साधारण १५ हजार केसपेशी. आवाजाच्या लाटेने त्या हलतात आणि मेंदूला संदेश जातो. वाऱ्याने ज्वारी लवते आणि वारा थांबला की उभी राहते, तसे. पण वादळाने ताट मुळाशी मोडले की ते पुन्हा उभे राहत नाही. माणसाच्या कानात गेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही. निसर्गाने मधल्या कानात एक बारीक स्नायू दिला आहे. मोठा आवाज आला की तो आखडून थोडे संरक्षण करतो, पण त्याला आखडायला क्षणभर वेळ लागतो. ताशाचा कडकडाट त्याच्या आधीच आत पोहोचलेला असतो.

मी भाच्याचा मोबाईल घेऊन शेडमध्ये गेलो. मोबाईलमधले माप कारखान्यातल्या यंत्राइतके काटेकोर नसते, पण अंदाज येतो. ताशावाल्यांच्या मधोमध आकडा १०० डेसिबलच्या खाली यायलाच तयार नव्हता, बहुतेक वेळ १०३-१०४. उघड्या कानाला ८५ डेसिबल रोज आठ तास चालतात, असा कामगारांसाठीचा सर्वमान्य हिशेब आहे. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० ला पंधरा मिनिटे! आमची पोरे तिथे अडीच-तीन तास उभी होती.

त्याच वर्षी पुण्यातल्या पथकांवरून बराच वाद झाला. हरित न्यायाधिकरणाने एका पथकात ३० वादकांची मर्यादा घातली, सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. वर्तमानपत्रांतून दोन्ही बाजूंनी मी जे वाचले ते सारे रस्त्यावरच्या, गॅलरीतल्या माणसाच्या कानाबद्दल होते. ताशाला सर्वांत जवळचा कान ताशावाल्याचा, त्याची चौकशी कुठे दिसली नाही. मीही केली नव्हती, तेव्हा दुसऱ्याला काय बोलणार.

सरांना हे सांगायला गेलो तेव्हा ते चिडले. "दुसरी स्पर्धा पंधरा दिवसांवर आली आणि तुम्ही माझा ताशाच काढून घेता?" मी म्हणालो, दोन आठवडे त्याने शेडच्या आसपास फिरकायचे नाही आणि बाकीच्यांनी कानात बोळे घातल्याशिवाय वाजवायचे नाही. ते उठून गेले. तिसऱ्या दिवशी स्वतःच आले. मुलाच्या आईने त्यांना गाठून श्रवणचाचणीचा कागद दाखवला होता.

मग सरांनी जे केले ते मला सुचले नसते. टायर दुरुस्तीवाल्याकडून त्यांनी जुने टायर आणले आणि शाळेच्या मैदानावर ओळीने मांडले. सरावातला पहिला दीड तास सगळ्यांनी टायरवर वाजवायचे. ढोल-ताशे फक्त शेवटची चाळीस मिनिटे, तेही शेडमध्ये नाही, उघड्यावर. आणि ज्या मुलाला मी शेडमध्ये यायला बंदी केली होती, त्याला मैदानावर टायरच्या रांगांमधून फिरत ताल मोजायला लावले. ढोलांची वेळ झाली, की तो घरी.

टायरवर आवाज जेमतेम 'थप' एवढाच येतो. त्यामुळे झाले काय, की चुकलेला ठोका कुणाचा ते लगेच कळू लागले. तीस ढोलांच्या गडगडाटात दोन महिने लपलेल्या चुका चार दिवसांत उघड्या पडल्या. जो खांद्यातून मारत होता त्याचे टिपरू टायरवरून उसळून वर जाई, मग तो आपसूक मनगटावर आला.

बोळ्यांबद्दल सुरुवातीला कुरबूर झाली. "काका, एकमेकांचं ऐकूच येणार नाही." मेडिकलमध्ये स्पंजाचे बोळे एका वडापावच्या पैशात जोडी मिळतात. बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, बोळा आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. नीट बसला तर १५-२० डेसिबल सहज कमी होतात. साधा कापूस घालून समाधान मानू नका, त्याने फारसे काही अडत नाही. शंभराच्या पुढच्या आवाजात कान भांबावून गेलेला असतो. तो आवाज सगळीकडून सारखाच खाली आणला, की उलट जास्त नीट उमगते. आठवड्याभराने टोलवाली मुलगी म्हणाली, "काका, आता माझा टोल ढोलाच्या कुठं पडतोय ते कळतंय."

ऑगस्टच्या मध्यास दुसऱ्या स्पर्धेत पथक पाचवे आले. मी पुन्हा मोजले. सुरुवातीला ८८, शेवटी ९६. हे बोळ्यांमुळे झाले असे मी म्हणणार नाही, मुलांची आठ आठवड्यांची मेहनत त्यात होती. तिसरी स्पर्धा १ सप्टेंबरला झाली. पावसाची भुरभुर होती आणि पाने ओली. सुरुवातीपासून अखेरपर्यंत लय ८८ ते ९० च्या बाहेर गेली नाही. त्यांचा तिसरा क्रमांक आला. मैदानात मुले नाचत होती. सर मात्र एका बाजूला उभे राहून ओल्या ढोलांच्या दोऱ्या सोडवत होते.

त्या मुलाची चाचणी मी त्याआधीच पुन्हा करवली होती. उजवा कान बहुतेक सुधारला. डाव्या कानाचा खड्डा भरला नाही, ४००० हर्ट्झला ३५ डेसिबल. बोलणे त्याला व्यवस्थित ऐकू येते, पण रातकिडे डाव्या कानात रात्री अजून बोलतात. मी त्याला स्पष्ट सांगितले की ताशा सोडलास तर उत्तम, कारण भरतीत दोन्ही कान वेगवेगळे तपासतात आणि पुढची इजा मागच्या इजेवर बसते. तो बराच वेळ गप्प राहिला. शेवटी आमचे असे ठरले की स्पर्धा नाही, फक्त विसर्जन मिरवणूक, वीस-वीस मिनिटांच्या पाळ्या, प्रत्येक पाळीनंतर तेवढीच विश्रांती, आणि बोळ्यांवर कारखान्यात कामगार घालतात तसले कान झाकणारे कव्हर. या मोकळिकीबद्दल मी स्वतःला पुरता माफ केलेले नाही. कदाचित सरळ नाहीच म्हणायला हवे होते.

(वाचकांपैकी कुणाला मोठ्या आवाजानंतर कानात शिट्टी वाजत असेल आणि ती दुसऱ्या दिवशीही गेली नसेल, तर कानात तेल, लसूण, काडी काहीही घालू नका. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा. अशा वेळी उपचार जितके लवकर सुरू होतील तितके चांगले, आठवडे गेले की फारसे हाती लागत नाही.)

अनंत चतुर्दशीला, १७ सप्टेंबरला, मी सलाइनच्या दोन बाटल्या, चिकटपट्ट्या आणि लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्याचा पिंप घेऊन पथकाबरोबर सहा तास चाललो. एकही मूल चक्कर येऊन पडले नाही. मुलगा ठरल्याप्रमाणे वाजवत होता, पाळी संपली की आपणहून बाजूला होऊन मला घड्याळ दाखवत होता. ४६ जणांच्या कानांत बोळे आहेत ना, हे मी चौकाचौकात तपासले.

रात्री घरी येऊन बातम्या लावल्या. आतून सौभाग्यवती ओरडल्या, "अहो, टीव्ही एवढा मोठा कशाला?" तेव्हा माझ्या लक्षात आले की मी स्वतःसाठी बोळे घेतलेच नव्हते.