पांढरीखालचं गाव वाचणारा माणूस

मोडनिंब : शेताला ‘काळी’ आणि गावठाणाला ‘पांढरी’ म्हणायची आपली चाल जुनी आहे. काळीत पीक येतं, पांढरीत माणूस नांदतो. घरं पडली, त्यांवर नवी उठली, राख-शेण-माती साठत गेली आणि जमीन पांढुरकी झाली. माळवदावर पांढरी माती टाकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. ही पांढरी पानापानानं वाचणाऱ्यांतलं एक मोठं नाव म्हणजे डॉ. मधुकर केशव ढवळीकर.

ढवळीकर आपल्याच रस्त्यावरचे. मोडनिंबहून पुण्याकडं निघालात की टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण मागं टाकून पाटस लागतं. तिथं १९३० साली त्यांचा जन्म झाला. अजिंठ्याच्या चित्रांवरून त्या काळचे कपडे, दागिने, वाद्यं यांचा त्यांनी अभ्यास केला. केंद्राच्या पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले आणि तिथले संचालक झाले. २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ च्या मार्चमध्ये ते गेले.

इनामगावचा पाट

त्यांचं नाव जोडलं गेलं ते इनामगावशी. हे गाव शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी. घोड भीमेला मिळते आणि तीच भीमा पुढं उजनी भरते. म्हणजे पाणी एकच. १९६८ ते १९८३ या काळात डॉ. सांकळिया, डॉ. अन्सारी आणि ढवळीकर यांनी तिथं उत्खनन केलं. शंभरावर घरं उघडी झाली. पहिली वस्ती इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमाराची. जळालेल्या दाण्यांवरून कळलं की तिथं सातू, म्हणजे जव, मुख्य पीक होतं. जोडीला गहू, मसूर, वाटाणा, हुलगा. आणि बघा, नदीचं पुराचं पाणी वळवायला पाट खोदलेला, त्याला बांधही घातलेला! गावप्रमुखाच्या घराजवळ धान्याचं कोठार होतं.

पाऊस रुसला तेव्हा

पुढची गोष्ट मात्र आपल्या काळजाला भिडणारी आहे. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. शेती खालावली, शिकारीवरचा भार वाढला. आणखी तीनशे वर्षांनी गाव ओस पडलं. ढवळीकरांनी याचं कारण सांगितलं ते घटत गेलेल्या पावसाचं. राजांच्या लढाया तर सगळेच लिहितात. या माणसानं कुणब्याच्या चुलीचा, कणगीचा आणि दुष्काळाचा इतिहास लिहिला. ‘महाराष्ट्राची कुळकथा’ हे त्यांचं पुस्तक मराठीतच आहे. गावच्या वाचनालयात ते असायला हवं.

तुमच्या हाती काय आहे?

पुष्कळ आहे. १९७४ साली प्रवरेकाठच्या दायमाबादला झाडाचं मूळ खणताना एका गावकऱ्याला काशाचे हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलगाडीसारखा रथ सापडला. ती चित्रं आज देशभर नावाजलेली आहेत. सापडली ती विद्वानाला नव्हे, कष्टकऱ्याला.

तेव्हा नांगराला रंगीत खापरं, मणी, गारेची पाती लागली तर जागा ध्यानात ठेवा, आणखी उकरू नका. वस्तू जागची हलली की तिची निम्मी गोष्ट गेली. कुठल्या थरात, कशाशेजारी होती, यावरच तिचं वय ठरतं. नाणी किंवा दागिने निघाले तर लपवू नका. गुप्तधनाचा कायदा १८७८ पासून आहे आणि दहा रुपयांवरच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावीच लागते. तहसील कचेरीत लेखी कळवा आणि पोच घ्या.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनाही एक विनंती. भरावासाठी पांढरीच्या टेकाडाला जेसीबी लावण्याआधी एकदा खाली वाकून माती बघा. खापरं दिसली तर काम थांबवून पुरातत्त्व खात्याला कळवा. रस्त्याला मुरूम दुसरीकडून आणता येतो. तीन हजार वर्षांचं गाव एकदा ट्रॉलीत भरलं की परत आणता येत नाही.