वैनगंगेकांठचा विळा

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यांत, वैनगंगेच्या कांठीं, गोसीखुर्द नांवाचें गांव आहे. १९८८ सालीं तेथें मोठ्या धरणाची पायाभरणी झाली आणि हें लहानसें नांव साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडीं झालें. नदीच्या दोन्ही अंगांस धानाचा मुलूख आहे. धान कापावयाचें तें विळ्यानें. आतां यंत्रें आलीं, तरी घरांतून विळा गेलेला नाहीं. परंतु या मुलखांत आणखीही एक विळा वावरतो. तो हातांत नसून रक्तांत असतो.

मूल वर्षाचें होतें न होतें तोंच त्याचे हातपाय सुजतात, ताप येतो, डोळे पिवळे दिसूं लागतात. पुढें सांधे असे ठणकतात कीं रात्र रात्र झोंप नाहीं. घरचीं माणसें दृष्ट काढतात, वाताचें तेल चोळतात, आणि निदान होईपर्यंत कित्येकदां वर्षें निघून जातात. या रोगास सिकलसेल म्हणतात. शिकागोचे डॉक्टर हेरिक यांनीं १९१० सालीं वेस्ट इंडीजमधून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तांत विळ्यासारख्या वांकड्या पेशी दिसल्याचें प्रसिद्ध केलें. आपल्या देशांत निलगिरीच्या आदिवासींत तो १९५२ सालीं आढळला. नागपूरकडील वृत्तांत १९५८ सालीं छापून आला. आज विदर्भाचा पूर्वभाग हें त्याचें एक मोठें ठाणें समजलें जातें.

हें होतें कसें? आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशींत डीएनए नांवाचा एक अतिसूक्ष्म धागा असतो. पीळ दिलेल्या दोरांच्या शिडीसारखी त्याची ठेवण. पायऱ्या चारच अक्षरांच्या: ए, टी, जी आणि सी. एसमोर नेहमी टी, जीसमोर सी. आईकडून आलेल्या व बापाकडून आलेल्या अशा प्रत्येक संचांत सुमारें ३०० कोटी पायऱ्या असतात. तीन तीन अक्षरांचा एक शब्द, आणि त्या शब्दांबरहुकूम शरीर आपलीं प्रथिनें ओंवतें. रक्तांतील हिमोग्लोबिनाच्या एका सरींत १४६ मणी असतात. त्यांतील सहाव्या मण्याचा शब्द आहे जीएजी. या लोकांत तो जीटीजी असा असतो. बस, एवढाच फरक! परंतु मणी बदलतो, आणि प्राणवायु सोडून दिलेलें हिमोग्लोबिन एकमेकांस चिकटून त्याच्या ताठ काड्या बनतात. गोल, मऊ पेशी वांकडी व कठीण होते आणि बारीक रक्तवाहिनींत अडकून बसते. वेदना होतात त्या यामुळें. निरोगी पेशी सुमारें १२० दिवस जगते. ही दहा-वीस दिवसांतच मोडते.

आतां घरच्या माणसांनीं नीट ध्यानांत घ्यावें असें. प्रत्येक सूचनेच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात, एक आईची व एक बापाची. दोन्ही बिघडलेल्या असतील तरच हा रोग होतो. एकच बिघडलेली असेल तर मनुष्य 'वाहक'. तो बहुधा धडधाकट असतो व त्यास स्वतःस पत्ताही नसतो. दोन वाहकांचें लग्न झालें तर प्रत्येक गर्भास रोगाचा संभव चारांत एक, वाहक होण्याचा चारांत दोन, आणि अगदीं निर्दोष असण्याचा चारांत एक. येथें भल्या शिकलेल्यांचीही गल्लत होते: "पहिलें आजारी निघालें, आतां पुढचीं तीन सुटलीं!" तसें नाहीं. फांसा दर वेळीं नव्यानें पडतो. उलटपक्षीं, एक वाहक व एक निर्दोष असें जोडपें असल्यास मुलांत वाहक निघतील, रोगी निघणार नाहींत.

मग असलें वाईट अक्षर पिढ्यान्‌पिढ्या टिकलें कसें? याचें उत्तर हिंवतापांत आहे. वाहकास जीवघेण्या हिंवतापापासून पुष्कळ संरक्षण मिळतें, हें ॲलिसन यांनीं १९५४ सालीं आफ्रिकेंत दाखविलें. रानावनांत, डांसांच्या मुलखांत ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्या गोंड, परधान आदि समाजांत व त्यांच्या शेजारच्या कित्येक जातींत तें आढळतें, तें यामुळें. यांत कोणाच्या कुळाचा कमीपणा नाहीं. आणि 'तें आपल्यांत नसतें' असें म्हणून स्वस्थ बसावें, असेंही नाहीं. अक्षरास जात ठाऊक नसते, आणि थॅलसेमियासारखे त्याचे भाऊबंद तर अनेक समाजांत आहेत.

आमच्या घरांतून लग्नापूर्वीं छत्तीस गुण पाहतात. पैकीं आठ नाडीचे, आणि एकनाडी म्हणजे संततीस धोका, असा समज. हेतु संततीच्या काळजीचा आहे, हें मी मान्य करतों; पण जन्मनक्षत्रावरून हिमोग्लोबिनाचा सहावा मणी कळत नाहीं. तो रक्ताच्या थेंबावरून कळतो. साध्या चाचणींत संशय आला कीं इलेक्ट्रोफोरेसिस करून वाहक कीं रोगी तें ठरवितात. केंद्र सरकारनें १ जुलै २०२३ रोजीं याचें राष्ट्रीय अभियान सुरू केलें. सात कोटी लोकांची तपासणी व २०४७ पर्यंत निर्मूलन, असा त्याचा संकल्प आहे. रोग्यांस हायड्रॉक्सियुरिया या औषधानें बराच आराम पडतो. दोघेही वाहक असून लग्न होऊन गेलें असेल, तर तिसऱ्या महिन्याच्या सुमारास गर्भाची परीक्षा करतां येते.

मला भीति वाटते ती निराळीच. चाचणींत मुलगी वाहक निघाली कीं स्थळ परत फिरतें, आणि मुलाची चाचणी कोणी मागतच नाहीं! वस्तुतः मुलगा निर्दोष असेल तर त्या लग्नास कांहींच आडकाठी नाहीं. टिपणावर रक्तगट लिहिण्याची चाल आतां पडलीच आहे. त्याच्या खालीं आणखी एका ओळीची जागा असते. ती दोन्ही टिपणांवर भरली, म्हणजे झालें.