गालिचे धुण्याची गाडी घेताना

आपल्याकडे दिवाळी जवळ आली की सतरंज्या आणि जाजमं गच्चीवर न्यायची, काठीने बडवायची, दोन दिवस कडक ऊन दाखवायचं, की झालं काम! कॅनडातल्या कॅलगरी शहरात, जिथे सध्या आमचं बिऱ्हाड आहे, तिथे ही सोय नाही. इथली घरं बहुतेक लाकडी आणि हिवाळा लांबलचक. पायाला ऊब राहावी म्हणून झोपायच्या खोल्यांत, जिन्यावर, तळघरात भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट ठोकून बसवलेलं असतं. ते उचलून बाहेर न्यायचं म्हटलं तरी नेता येत नाही. हिवाळाभर रस्त्यावर टाकलेली वाळू आणि मीठ बुटांबरोबर दारापर्यंत येतं आणि तिथून कार्पेटच्या मुळाशी जाऊन बसतं. व्हॅक्यूम क्लीनरने वरची धूळ निघते, मुळातला चिकटा निघत नाही. म्हणून वर्ष-दीड वर्षातून एकदा धुणाऱ्याला घरी बोलवावं लागतं. कार्पेट बनवणाऱ्या कंपन्याही साधारण तेवढ्याच मुदतीने धुऊन घ्यायला सांगतात.

हा धुणारा येतो तो बंद व्हॅन घेऊन. यंत्र व्हॅनमध्येच पक्कं बसवलेलं असतं. व्हॅन दाराशी उभी राहते, दोन लांब नळ्या घरात येतात आणि दोन-तीन तासांत सगळं आटोपतं.

2023 साली माझ्या धाकट्या दिरांनी आणि जाऊबाईंनी हाच धंदा सुरू करायचं ठरवलं. घर घेण्यासाठी बाजूला टाकलेले पैसे त्यात घालायचे होते आणि वर बँकेचं कर्ज. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, दुपार मोकळी असते. तेव्हा जाऊबाईंबरोबर मीही चार ठिकाणी हिंडले, यंत्रं पाहिली, या धंद्यातल्या जुन्या माणसांशी बोलले. त्यातून जे कळलं ते इथे देते आहे. तुमच्यापैकी कुणाचा भाऊ, कुणाची लेक-जावई परदेशात असा काही उद्योग काढायच्या विचारात असतील तर त्यांना जरूर वाचायला द्या.

यंत्र असतं तरी कसं?

लोक याला ‘स्टीम क्लीनिंग’ म्हणतात, पण यात वाफ नसतेच. कढत पाणी दाबाने कार्पेटवर फवारायचं आणि त्याच क्षणी मळासकट ओढून घ्यायचं, एवढीच क्रिया. आपल्या पिठाच्या गिरणीत कसं एकच इंजिन आणि त्याच्या पट्ट्यावर सगळं फिरत असतं, तसंच इथे. इंजिनाच्या जोरावर एक पंप पाणी ढकलतो आणि एक ब्लोअर हवा ओढतो. ओढलेलं घाण पाणी वेगळ्या टाकीत साठतं.

पाणी तापवायची युक्ती तर आपल्या तांब्याच्या बंबासारखी! बंबात मधल्या नळीत विस्तव आणि भोवती पाणी. इथे इंजिनाचा गरम धूर आणि रेडिएटरमधलं कढत पाणी एका बाजूने जातं, धुण्याचं पाणी दुसऱ्या बाजूने. या भागाला हीट एक्स्चेंजर म्हणतात. काही यंत्रांना प्रोपेनचा किंवा डिझेलचा स्वतंत्र बर्नर असतो.

हातात उचलून नेण्याची विजेची यंत्रंही मिळतात, मग एवढा खटाटोप कशाला? कारण इथल्या घरातलं साधं सॉकेट 120 व्होल्ट आणि 15 अँपिअरचं. त्यातून फार तर 1800 वॅट मिळतात, म्हणजे अडीच हॉर्सपॉवरही नाही. व्हॅनमधलं इंजिन वीस-तीस हॉर्सपॉवरचं असतं. ओढ जोरदार असली की कार्पेटात पाणी कमी राहतं आणि ते लवकर वाळतं. ओलं कार्पेट दिवस-दोन दिवस तसंच राहिलं तर बुरशी धरते, म्हणून या ओढीचं महत्त्व.

या यंत्रांत दोन प्रकार आहेत. एकात यंत्राला स्वतःचं इंजिन असतं. दुसऱ्यात व्हॅनचंच इंजिन यंत्रही चालवतं. दुसऱ्या प्रकाराचं वजन कमी, आवाज कमी, एकाच इंजिनाची देखभाल. पण व्हॅन गॅरेजमध्ये गेली की धंदाही गॅरेजमध्ये! पहिल्या प्रकारात दोन इंजिनं सांभाळावी लागतात, मात्र व्हॅन म्हातारी झाली तर यंत्र काढून दुसरीत बसवता येतं.

पाणी गोठतं तेव्हा

आता मुख्य मुद्दा. माहितीपत्रकात सगळी यंत्रं गुणी असतात. परीक्षा होते ती उणे तीस अंशांत. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. पंपाच्या डोक्यात, हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांत, पितळेच्या जोडांत वाटीभर पाणी राहिलं तरी एका रात्रीत धातूला तडा जातो. आणि गंमत अशी की यंत्र विकत घेताना मिळणाऱ्या हमीपत्रात गोठून झालेलं नुकसान बहुधा धरलेलं नसतं. ती बारीक अक्षरं चष्मा लावून वाचा.

आमच्या भावजींना दक्षिणेकडच्या एका उबदार राज्यातलं जुनं यंत्र स्वस्तात मिळत होतं. फोटोत अगदी चकचकीत. भावजी आगाऊ रक्कम पाठवायला निघाले होते. तेव्हा जाऊबाईंनी मला विचारलं, “वहिनी, पण ही गाडी रात्री झोपणार कुठे?” त्यांच्या भाड्याच्या घराला गॅरेज नव्हतं! त्या एका प्रश्नाने सगळा हिशेब बदलला. ऊब असलेल्या गॅरेजचं सहा महिन्यांचं भाडं खर्चात धरलं, तेव्हा ते स्वस्त यंत्र स्वस्त राहिलं नाही. शिवाय त्याचे सुटे भाग कॅलगरीत कुणी ठेवत नव्हतं. शेवटी गावातल्याच दुकानदाराकडून मध्यम ताकदीचं यंत्र घेतलं आणि उरलेल्या पैशात गॅरेजची जागा भाड्याने घेतली.

त्याचा उपयोग पुढच्याच हिवाळ्यात कळला. जानेवारी 2024 मध्ये अल्बर्टा प्रांतात थंडीची भयंकर लाट आली. कॅलगरीत पारा उणे तीसच्याही खाली गेला. 13 जानेवारीच्या संध्याकाळी तर सरकारने सगळ्यांच्या मोबाइलवर आणीबाणीचा संदेश पाठवला, की विजेची मागणी पुरवठ्याच्या पलीकडे चालली आहे, अत्यावश्यक तेवढीच वीज वापरा. लोकांनी दिवे-उपकरणं बंद केली आणि टप्प्याटप्प्याने वीज तोडायची वेळ टळली. पण आमच्या ओळखीचे एक गृहस्थ व्हॅन अंगणातच उभी करून आत विजेचा छोटा हीटर लावून ठेवत. त्या थंडीत हीटर पुरा पडला नाही. पंपाला तडा गेला, नळ्या फुटल्या, आणि सुटे भाग येईपर्यंत तीन आठवडे गिऱ्हाइकांना नकार द्यावा लागला.

म्हणून थंड मुलखात ही व्यवस्था हवी:

रात्री व्हॅन उबेत ठेवायची. ते जमणार नसेल तर यंत्रातलं पाणी पूर्ण काढून, नळ्यांत हवा मारून, पाण्याच्या नळ्यांसाठी मिळतं ते प्रोपिलीन ग्लायकॉलचं अँटिफ्रीझ फिरवायचं. रेडिएटरमध्ये घालतात ते इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, ते इथे चालत नाही. सकाळी कामाला लागण्यापूर्वी सगळं स्वच्छ धुऊन काढायचं. हे किती वेळात होतं, कळ एक आहे की दहा, ते दुकानदाराकडून स्वतः करून दाखवून घ्या. दमून आल्यावर रात्री नऊ वाजता जे काम करायला अवघड, ते एक दिवस राहून जातं, हे आपण बायका जाणतोच.

कॅलगरीत आणखी एक फसवा प्रकार आहे. पश्चिमेकडून चिनूक नावाचा उबदार वारा येतो आणि काही तासांत तापमान पंधरा-वीस अंशांनी चढतं. माणूस म्हणतो, आज काही करायला नको. वारा पडला की पारा पुन्हा खाली. तेव्हा हिवाळ्यात दिवस कोणताही असो, नेम मोडायचा नाही.

नळाचं पाणी आणि गावाची उंची

हिवाळ्यात नळालाच बर्फासारखं पाणी येतं, आणि बर्फावरून गेलेल्या लांब नळीत त्याची उष्णता आणखी कमी होते. म्हणून “पाणी किती गरम होतं?” एवढंच विचारू नका. “मिनिटाला इतकं पाणी वापरताना, येणाऱ्या पाण्यापेक्षा किती अंश वाढतं?” असं विचारा. नळीला उष्णता धरून ठेवणारं वेष्टण आहे का, तेही पाहा.

कॅलगरी समुद्रसपाटीपासून सुमारे 1045 मीटर उंचीवर आहे. हवा विरळ असल्याने साध्या इंजिनाची ताकद इथे साधारण दहा टक्क्यांनी कमी भरते. पत्रकातला आकडा असतो समुद्रकाठचा! तेव्हा थोडी ताकद शिल्लक राहील असंच यंत्र घ्यावं.

शिवाय इथलं पाणी जड. बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर कसा पांढरा थर चढतो, तसा हीट एक्स्चेंजरमध्ये चढतो. पाणी मऊ करण्याचं साधन बसवता येतं का आणि क्षार काढायला किती खर्च येतो, हे आधी विचारावं.

उलट टोक: फीनिक्सचा उन्हाळा

थंडीचं झालं, पण हेच यंत्र वाळवंटात नेलं तर? अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात फीनिक्स शहर आहे. तिथे 26 जून 1990 रोजी पारा 50 अंश सेल्सिअसवर गेला होता, आणि 2023 च्या उन्हाळ्यात सलग 31 दिवस तो 43 अंशांच्या वर होता. आपल्या नागपूर-चंद्रपूरच्या भगिनींना त्याची कल्पना येईल. बंद व्हॅनमध्ये तापलेलं इंजिन म्हणजे भट्टीच. तिथे यंत्राला मोठा रेडिएटर, व्हॅनमध्ये हवा खेळायला भरपूर जागा आणि जास्त तापल्यास यंत्र आपोआप बंद करणारी सोय हवी. ती सोय ‘सारखी मध्ये येते’ म्हणून तोडून टाकलेली जुनी यंत्रं विकायला येतात, त्यांच्यापासून चार हात दूर राहावं. पट्टे आणि रबरी नळ्याही तिथे लवकर तडकतात, आणि पाणी तिथलंही जडच.

जुनं यंत्र बघताना

जुन्या यंत्राचं वय किलोमीटरने मोजत नाहीत, तासांच्या मीटरवर बघतात. दिवसाला चार तास, आठवड्याचे पाच दिवस धरले तर वर्षाला साधारण हजार तास होतात. मीटरवरचे तास आणि मालक सांगतो ती वर्षं जुळतात का, हा हिशेब घरबसल्या करता येतो.

यंत्र पाहायला सकाळी लवकर जा, आणि आपण जायच्या आधी सुरू करून ठेवू नका असं बजावून सांगा. थंड यंत्र कसं सुरू होतं ते आपल्या डोळ्यांनी पाहायचं. ब्लोअरचा आवाज एकसारखा हवा, खडखड नको. घाण पाण्याच्या टाकीत हात घालून गंज बघा. पंपाखाली तेल-पाणी ठिबकतं का बघा. टाक्यांच्या वजनाचा विचार करा. 400 लिटर पाणी म्हणजे 400 किलो, यंत्र वेगळं. व्हॅनला एवढं वजन झेपतं का, हे व्हॅनच्या कागदावर लिहिलेलं असतं. बर्फाळ रस्त्यावर ब्रेक लावताना त्याची किंमत कळते.

धुराला विसरू नका

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो जीव घेतो. थंडी कितीही असो, बंद गॅरेजमध्ये यंत्र चालवायचं नाही. नळ्यांसाठी दार किलकिलं ठेवावं लागतं, तेव्हा व्हॅनच्या धुराचं तोंड दाराकडे आणि खिडक्यांकडे नको. धुऊन घेणाऱ्या गृहिणीनेही हे स्वतः पाहावं आणि घरातला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे याची खात्री करावी. प्रोपेनचा बर्नर असेल तर तो परवानाधारक माणसाकडूनच बसवलेला हवा.

घाण पाणी कुठे टाकणार, हेही विचारायला संकोच करू नका. कॅलगरीत रस्त्याकडेच्या पावसाच्या गटाराचं पाणी थेट नदीला जातं, म्हणून तिथे पुष्कळ ठिकाणी पिवळा मासा रंगवून ठेवलेला असतो. धुण्याचं पाणी सांडपाण्याच्या नळातच गेलं पाहिजे. आणि पायरीवर सांडलेल्या पाण्याचा दहा मिनिटांत बर्फ होतो. त्यावरून म्हातारी माणसं घसरतात.

जाऊबाई आता धंद्याची वही सांभाळतात. तीत जमा-खर्चाबरोबर रोज रात्री एक ओळ असते: पाणी काढलं, अँटिफ्रीझ फिरवलं, व्हॅन आत घेतली. तीन खुणा झाल्याशिवाय ताट वाढायचं नाही, असा त्यांच्या घरचा नियम आहे. भावजी सुरुवातीला हसत होते, आता मुकाट्याने खुणा करतात. कर्ज फिटायला अजून थोडा अवकाश आहे, पण यंत्रापायी एकही दिवस बुडालेला नाही.

मैत्रिणींनो, यंत्राची गोष्ट म्हणजे पुरुषांची, असं समजून आपण चहा ठेवायला आत जातो. पण कर्जाच्या कागदावर सही आपलीही असते आणि दागिने गहाण पडायची वेळ आली तर ते आपलेच असतात. तेव्हा दुकानात बरोबर जा आणि तीन प्रश्न अवश्य विचारा: रात्री हे कुठे राहणार, बिघडलं तर दुरुस्त कोण करणार, आणि सुटा भाग किती दिवसांत मिळणार? या तिन्हींची उत्तरं समाधानकारक मिळेपर्यंत पर्सचा बंद उघडू नका.